हवेत बंद पडणारं जेट : टर्बाइनला दोष देण्याआधी टाकी ते पंप ही नळी तपासा

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल जेटचं छोटं टर्बाइन इंजिन हवेत बंद पडतं, तेव्हाची लक्षणं ठरलेली असतात. जमिनीवर टर्बाइन पहिल्या झटक्यात सुरू होतं, आयडल, म्हणजे सर्वात कमी वेगाचं फिरणं, स्थिर असतं, फुल थ्रॉटल दिलं तरी आवाजात कुठे खोट नसते. टेकऑफ होतो, दोन-तीन चकरा छान होतात. मग एखाद्या लूपमधून खाली येताना थ्रॉटल मागे घेतलेलं असतं, ते पुन्हा पुढे सारलं की टर्बाइनची शिट्टी चढायच्या ऐवजी उतरत जाते आणि शेपटीमागे पांढऱ्या धुराची रेघ दिसते. जेट कसंबसं धावपट्टीवर आणायचं, पुन्हा सुरू करायचं, तर ते लगेच सुरू होतं आणि पुढच्या फ्लाइट निमूटपणे पूर्ण करतं. आता गेलं असेल म्हणावं, तर पुढच्या रविवारी परत तेच.

हा त्रास सुरू झाला की आधी संशय टर्बाइनवर जातो, मग इसीयूवर (टर्बाइन आणि पंप सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट), मग रेडिओवर. टर्बाइन सर्व्हिसला पाठवलं जातं आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येतं. मधे सीझनचे दोन महिने जातात. अशा वेळी मी प्रत्येकाला एकच सांगतो. टर्बाइनचा एकही स्क्रू सैल करू नका, आधी टाकीपासून पंपापर्यंतची नळी आणि तिच्यावरचा प्रत्येक जोड तपासा. ये-जा करणाऱ्या फ्लेमआउटचं, म्हणजे टर्बाइनमधली ज्वाळा विझण्याचं, मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं, आणि ते बुडबुड्याच्या रूपात असतं.

आधी लॉग वाचा

जेट उतरलं की घाईने इसीयूची बॅटरी काढू नका. एक तर टर्बाइन थंड व्हायचं असतं. इसीयू स्टार्टर फिरवून आतली उष्णता बाहेर काढत असतो. दुसरं म्हणजे टर्बाइन शेवटचं का बंद पडलं याची नोंद इसीयूत असते. हातातला डिस्प्ले जोडा आणि बंद होण्याचं कारण, त्या क्षणाचं आरपीएम (मिनिटाला फेरे), इजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) आणि पंपाचा व्होल्टेज लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

या तीन आकड्यांवरून बरंच कळतं. आरपीएम आणि इजीटी एकदम घसरलेत आणि पंपाचा व्होल्टेज मात्र वर चढलाय, असं दिसलं तर इसीयू इंधन मागत होता आणि इंधनाऐवजी हवा येत होती, असा अर्थ घ्यायचा. फेलसेफची, म्हणजे रेडिओचा सिग्नल तुटल्याची, नोंद असेल तर इसीयूने स्वतःच पंप बंद केलेला असतो. मग रिसीव्हर, अँटेना आणि रिसीव्हरच्या बॅटरीकडे वळा. आरपीएम क्षणात शून्य झालं पण इजीटी अजून वरच आहे, तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा, कारण दीड लाख आरपीएमच्या घरात फिरणारा रोटर क्षणात थांबत नाही. आणि बेअरिंग जात असेल तर ते एका फ्लाइटमध्ये कळत नाही. त्याच आरपीएमला इजीटी आणि पंपाचा व्होल्टेज फ्लाइटगणिक वाढत गेलेला दिसतो, थंड टर्बाइन हाताने फिरवलं तर खरखर लागते आणि बंद केल्यावर ते पूर्वीपेक्षा लवकर थांबतं.

पुढचं सगळं पहिल्या प्रकारासाठी आहे.

बुडबुडा आयडलला जास्त का छळतो

10 किलो थ्रस्टच्या टर्बाइनचा हिशोब करून बघू. फुल थ्रॉटलला ते मिनिटाला ढोबळमानाने 400 मिली इंधन पितं, आयडलला शंभरेक मिली. पंपापासून टर्बाइनकडे जाणाऱ्या 4 मिमीच्या नळीचा आतला व्यास अडीच मिमीच्या आसपास असतो. म्हणजे फुल थ्रॉटलला इंधन त्या नळीतून सेकंदाला सुमारे 1.36 मीटर वेगाने धावतं आणि आयडलला 34 सेंटिमीटर. आता नळीत 3 सेंटिमीटर लांबीची हवेची पोकळी आली असं धरा. फुल थ्रॉटलला ती 0.02 सेकंदात निघून जाते. आयडलला तिला 0.09 सेकंद लागतात, म्हणजे चौपट. शिवाय आयडलला रोटरचा वेग कमी, ज्वाळा आधीच अशक्त. फुल थ्रॉटलला जो बुडबुडा आवाजात जेमतेम जाणवतो, तोच आयडलला ज्वाळा विझवतो. लूपच्या उतारावर जेट मरतं त्याचं कारण हे.

फुल थ्रॉटलला बुडबुडे पचतात म्हणून ते चालवून घेण्यात अर्थ नाही. या टर्बाइनमध्ये बेअरिंगसाठी वेगळी ऑइलची टाकी नसते. इंधनात 3 ते 5 टक्के टर्बाइन ऑइल मिसळलेलं असतं आणि त्याच इंधनाची एक छोटी धार बेअरिंगकडे वळवलेली असते. नळीत हवा आली की सिरॅमिक बेअरिंगही तेवढा वेळ कोरडं पडतं. फ्लेमआउट झाला नाही तरी बेअरिंगचं आयुष्य कमी होत असतं.

गळतीचा डाग शोधू नका

इथे बहुतेकांची फसगत होते. पंपाच्या पुढे, टर्बाइनकडे, नळीत दाब असतो. तिथला जोड सैल असेल तर रॉकेल बाहेर येतं, वास येतो, बोटाला तेलकट लागतं. पंपाच्या मागे मात्र ओढ असते. तिथे जोड सैल असेल तर थेंबभरही इंधन बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत खेचली जाते. स्ट्रॉला मधे बारीक चीर पडली की सरबत सांडत नाही, फक्त तोंडात अर्धी हवा येते, तसंच. म्हणून 'सगळं कोरडं ठणठणीत आहे, गळती नाही' हे वाक्य पंपाच्या मागच्या बाजूसाठी निरर्थक आहे.

बुडबुडे येण्याचा दुसरा मार्ग छिद्राशिवायचा आहे. पंपाला इंधन ओढायला फार जोर लावावा लागला, म्हणजे गाळणी तुंबलेली, नळी दबलेली किंवा व्हेंट (टाकीत बाहेरची हवा येण्याची नळी) अरुंद, तर नळीतला दाब इतका उतरतो की इंधनात विरघळलेली हवा सुटी होते. सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे अगदी बारीक, दाट बुडबुडे दिसतात. या दोन प्रकारांत फरक करता आला तर अर्धं काम झालं. ठळक, सुटे, अधूनमधून येणारे बुडबुडे म्हणजे कुठेतरी हवा आत येतेय. दाट, दुधट फेस आणि तोही थ्रॉटल वाढवल्यावरच, म्हणजे अडथळा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात 'इंधन तापून त्याची वाफ होते' हे कारणही खूप ऐकू येतं. रॉकेल किंवा डिझेल मैदानावरच्या 42 अंशात नळीत उकळत नाही. ते कारण बाजूला ठेवा.

सिरिंजची चाचणी

टर्बाइन सुरू न करता करायची ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. 50 मिलीची सिरिंज घ्या. एअर ट्रॅप, म्हणजे मुख्य टाकी आणि पंप यांच्या मधली हवा अडवणारी छोटी टाकी, इंधनाने काठोकाठ भरलेला ठेवा. पंपाच्या तोंडाची नळी काढून ती सिरिंजला जोडा. मुख्य टाकीकडून एअर ट्रॅपमध्ये येणारी नळी चिमट्याने बंद करा, पण चिमट्याला कापड गुंडाळा, नाहीतर नळीवर वण पडतो आणि तो पुढे कायमचा अडथळा होतो. आता सिरिंजचा दट्ट्या हळूच मागे ओढा आणि धरून ठेवा.

सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते इंधनातलेच असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मिनिटभर धरून ठेवल्यावर ते थांबायला हवेत. थांबले नाहीत तर नळीमागे पांढरा कागद धरा, टॉर्च आडवा मारा आणि बुडबुडा कुठे जन्मतो ते बघत मागे मागे जा. एका जोडाच्या अलीकडे नळी स्वच्छ आणि पलीकडे मण्यांसारखी रांग, असं दिसतं. तो जोड हलक्या हाताने डावी-उजवीकडे वाकवा. रांग दाट झाली किंवा थांबली, तर गुन्हेगार सापडला.

बहुतेक वेळा तो इंधन भरायच्या टी-जोडावर सापडतो. टाकी भरून झाली की तिथे छोटं बूच लावतो, त्या बुचाची ओ-रिंग इवलीशी असते आणि ती दर फ्लाइटला दोनदा घासली जाते. हा जोड नेमका ओढीच्या बाजूला असतो. भिंग लावून बघा. ओ-रिंगवर एका बाजूला चपटा पट्टा पडलेला दिसेल किंवा मातीचा कण रुतलेला असेल. रबर रॉकेलला टिकणारं हवं, व्हायटॉनचं असेल तर उत्तम. काही रुपयांची वस्तू आहे, दोन जास्तीच्या फ्लाइट बॉक्समध्ये ठेवा.

त्यानंतरचा नंबर दाबून बसवायच्या जोडांचा. नळी तिरकी कापली असेल, कात्रीने चेपून कापली असेल, किंवा अनेकदा काढघाल केल्यामुळे टोकावर जोडाच्या दातांचे ओरखडे उमटले असतील तर आतली सील नीट बसत नाही. नव्या ब्लेडने टोकाचा सेंटिमीटरभर भाग काटकोनात कापून टाका आणि नळी आत टेकेपर्यंत दाबा. पुष्कळदा नळी दातांपर्यंत जाते, ओढली तर निघत नाही, म्हणून बसली असं वाटतं. सील मात्र दातांच्याही पुढे, आत असते. आणि जोडातून बाहेर पडल्यावर नळी किमान तीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ द्या. जोडाच्या तोंडाशीच वळवली तर ती सीलवर तिरका भार टाकते, आणि असा जोड टेबलावर ठीक वागतो, पाच-सहा जीचा (गुरुत्वाच्या पाच-सहा पट) झटका बसला की हवा घेतो.

मऊ नळी पितळी निपलवर चढवलेली असेल तिथे बारीक तांब्याच्या तारेचे दोन वेढे किंवा योग्य मापाची क्लिप हवीच.

टाकीच्या आत

सिरिंजने सगळं स्वच्छ दाखवलं तर मुख्य टाकीकडे या. टाकीतल्या मऊ नळीच्या टोकाला क्लंक, म्हणजे इंधन ओढणारं वजनदार तोंड, असतो, तो इंधनाबरोबर मागे-पुढे लोळायला हवा. टायगॉनची पिवळी नळी रॉकेलमध्ये राहून राहून ताठ होते. मग क्लंक एकाच जागी अडकून बसतो आणि टाकी निम्मी झाली की उघडा पडतो. जेट हातात घेऊन नाक वर, नाक खाली करा. रिकाम्या टाकीत क्लंकचा टक-टक आवाज स्पष्ट यायला हवा. आवाज येत नसेल तर टाकी उघडावीच लागेल.

जोरात लँडिंग झालं असेल, नाकावर आपटलं असेल, तर आणखी एक शक्यता: क्लंक उडी मारून टाकीच्या पुढच्या भागात जाऊन बसतो आणि नळी दुमडते. पुढच्या फ्लाइटला भरलेल्या टाकीत काही कळत नाही, नंतर कळतं. मऊ नळीच्या मधल्या भागात पितळी नळीचा तुकडा घातला की ती अशी उलटी दुमडू शकत नाही. नवीन टाकी बसवताना हा तुकडा घालूनच बसवा, कारण नंतर फ्यूजलाजमधून टाकी काढणं म्हणजे दिवसभराचं काम.

दोन टाक्या असलेल्या जेटमध्ये जोडणी कशी केली आहे ते बघा. दोन्ही टाक्या टी-जोडाने समांतर जोडल्या असतील तर इथेच थांबा, कारण सापडलं. एका बाजूची नळी जरा लांब, एक क्लंक जरा घट्ट, एवढ्याने एक टाकी आधी रिकामी होते. ती रिकामी झाली की पंप तिच्यातून हवा ओढतो, दुसरी टाकी अर्धी भरलेली असली तरी. उतरल्यावर तुम्ही बघता तर इंधन शिल्लक असतं, म्हणून संशय भलतीकडे जातो. टाक्या एकामागे एक जोडा: बाहेरची हवा पहिल्या टाकीत, पहिलीतून इंधन दुसरीत, दुसरीतून एअर ट्रॅपमध्ये. मग पहिली रिकामी झाल्यावर तिच्यातली हवा दुसऱ्या टाकीच्या वरच्या भागात जमते, पंपापर्यंत जात नाही.

व्हेंटची नळी इंधनाच्या नळीपेक्षा अरुंद ठेवू नका. फुल थ्रॉटलला टाकीची भिंत आत ओढली जाताना दिसली तर व्हेंट कमी पडतंय. व्हेंटचं बाहेरचं टोक पोटाखाली असतं तेव्हा ते पुढच्या बाजूला तिरकं कापलेलं असावं, म्हणजे वाऱ्याचा थोडा दाब टाकीला मिळतो. मागच्या बाजूला कापलेलं टोक हवेत उलट ओढ लावतं. जमिनीवर न दिसणारा दोष हवेत दिसतो तो असा. हॅच (जेटच्या अंगावरचं झाकण) बंद केल्यावर नळी कुठे चेपली जाते का, तेही बघा. हॅच उघडी ठेवून केलेल्या चाचणीत हे कधीच सापडणार नाही.

एअर ट्रॅप

अमेरिकेतल्या बॉब व्हायोलेट यांच्या कंपनीचा यूएटी (अल्टिमेट एअर ट्रॅप) या कामासाठी प्रसिद्ध झाला. आता अनेक जणांचे असे ट्रॅप मिळतात. आतल्या कापडी पिशवीतून किंवा फेल्टमधून इंधन झिरपतं, हवा बाहेर अडते. पण ओली असेपर्यंतच ती हवा अडवते. आणि ट्रॅपची क्षमता मर्यादित आहे: 100 मिलीचा ट्रॅप फुल थ्रॉटलला 15 सेकंदांत रिता होतो. म्हणजे ट्रॅप ही अडचणीच्या वेळची शिदोरी आहे, मागची गळती झाकायचं साधन नाही.

प्रत्येक फ्लाइटनंतर ट्रॅपच्या वरच्या भागात किती हवा जमली ते बघायची सवय लावा. टाकीत इंधन शिल्लक असताना सुपारीएवढा बुडबुडा चालेल. ट्रॅपचा चौथा भाग हवेने भरलेला असेल तर ट्रॅपच्या मागे, टाकीकडे, दोष आहे. उलट ट्रॅप काठोकाठ भरलेला असून पंपाकडच्या नळीत बुडबुडे असतील तर दोष ट्रॅप आणि पंप यांच्या मधे आहे, किंवा ट्रॅपची पिशवीच तुंबली आहे. या एका निरीक्षणाने शोध निम्म्यावर येतो, आणि त्याला एकही हत्यार लागत नाही.

गाळणी पंपाच्या मागे लावली असेल तर ती काढून पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला लावा. पंपाला लागणारं इंधन भरतानाच गाळून घ्या.

पावसाळ्यानंतर हमखास

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर जेट घरात पडून असतं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी फ्लेमआउटच्या तक्रारी सुरू होतात. त्यामागे तीन गोष्टी असतात. एअर ट्रॅपची पिशवी वाळलेली असते, ओ-रिंग एका जागी बसून चपट्या झालेल्या असतात, आणि अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये दमट हवेतलं पाणी उतरून तळाशी बुरशी धरलेली असते. ती काळपट, शेवाळी साय गाळणीवर आणि पिशवीवर जाऊन बसते. त्यामुळे मेच्या शेवटी टाकी रिकामी करा पण एअर ट्रॅप भरलेला ठेवा, उरलेलं इंधन पुढच्या सीझनसाठी साठवू नका, आणि ऑक्टोबरमध्ये टाकीतली टायगॉन व बुचाच्या ओ-रिंग न विचारता बदला.

इंधनाबद्दल थोडं. रेशनचं निळं रॉकेल टर्बाइनसाठी वापरू नका. ते ज्यांच्या चुलीसाठी आहे त्यांचं त्यांना राहू द्या. खुल्या विक्रीचं पांढरं रॉकेल, किंवा तुमच्या टर्बाइनच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर पेट्रोल पंपावरचं डिझेल वापरा. ऑइल मिसळून कॅन जोरात हलवला की फेस येतो, डिझेलला तर जास्तच. मिश्रण आदल्या रात्री करा. मैदानावर भरण्याच्या पंपाच्या नळीत बुडबुडे दिसत असतील तर तुम्ही स्वतःच टाकीत हवा कालवत आहात. त्या पंपाचेही जोड बघा.

शेवटची चाचणी चालू टर्बाइनवर

सगळं दुरुस्त झाल्यावर जेट दोराने मजबूत खुंटीला बांधा. सीओ2चं अग्निशामक हाताशी ठेवा. पावडरचं नको, पावडर टर्बाइनच्या आत गेली की ते वाचत नाही. टर्बाइनचं चाक ज्या रेषेत फिरतं त्या रेषेत, म्हणजे जेटच्या कुशीला, कोणीही उभं राहू नये. सैल कपडे, ओळखपत्राची दोरी इनटेकपासून लांब. ट्रॅप ते पंप या नळीमागे पांढरी पट्टी चिकटवा, तिच्यावर मोबाइल रोखून क्लॅम्पने बसवा आणि स्लो मोशनमध्ये रेकॉर्डिंग लावा. हातात धरून नको.

आधी भरलेल्या टाकीवर अर्धा मिनिट फुल थ्रॉटल, मग आयडल, मग पुन्हा फुल. त्यानंतर टाकी एक तृतीयांश राहिल्यावर तेच, आणि या वेळी हॅच पूर्ण बंद करून. मोबाइल आत राहत नसेल तर नळीचा एक वळसा तात्पुरता बाहेर काढा. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्येच दोष सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून ते टाळू नका. नळी स्वच्छ दिसली तर फ्लाइट घ्या, पण पहिल्या काही फ्लाइट धावपट्टीच्या आवाक्यात आणि पुरेशा उंचीवर ठेवा. टर्बाइन गेलंच तर मोठ्याने 'डेडस्टिक' (इंजिन बंद पडलं) ओरडा, नाक खाली घालून वेग राखा, आणि धावपट्टी गाठणार याची खात्री होईपर्यंत चाकं व फ्लॅप बाहेर काढू नका.

ट्रॅप ते पंप स्वच्छ, पण पंपाच्या पुढच्या नळीत बुडबुडे, असं रेकॉर्डिंग आलं तर पंपाच्या शाफ्टची सील हवा घेत असते किंवा पंप झिजलेला असतो, पंप बदला. दोन्हीकडे एकही बुडबुडा नाही आणि तरी फ्लेमआउट होतो, तेव्हाच टर्बाइन सर्व्हिसला पाठवा. सोबत इसीयू आणि पंपही द्या, कारण तिन्हींची जुळणी एकत्रच तपासावी लागते. लॉगचे फोटो, दोन्ही रेकॉर्डिंग, कोणतं इंधन, किती टक्के कोणतं ऑइल आणि शेवटच्या सर्व्हिसनंतर टर्बाइन किती तास चाललं, हे एका कागदावर लिहून खोक्यात टाका.